पर्यावरणाची पदवी परदेशातून घ्या, पण या मेसेजच्या भरवशावर नको

पदवीचे निकाल लागले की गोव्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर थोडक्यात असा : ‘इंजिनिअरिंग, एमबीए जुनं झालं. पुढची तीस वर्षं पर्यावरणाची. भारतात या क्षेत्राला स्कोप नाही, गोव्यात तर नाहीच. परदेशात सस्टेनेबिलिटीत मास्टर्स करा. एका वर्षात पदवी, मग दोन वर्षं कामाचा व्हिसा, नोकरी पक्की, कर्ज तीन वर्षांत फिटतं, पुढे पीआर.’ खाली बर्फात उभ्या असलेल्या एका मुलाचा फोटो आणि ‘सल्ला मोफत’ अशी ओळ.

मी उत्तर गोव्यातल्या एका महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र शिकवते. माझ्या वर्गातली मुलं डिचोली, सत्तरी, पेडण्याची. खाणी बंद पडल्यावर ट्रक विकलेली घरं त्यांत आहेत, कुळागरावर (सुपारी-नारळाच्या बागेवर) चालणारी आहेत. अशा घरानं चाळीस लाखांचं कर्ज काढायचं तर त्यामागचं वाक्य न् वाक्य तपासलेलं हवं. परदेशी जाऊ नका असं माझं म्हणणं नाही. माझे विद्यार्थी गेले आहेत, त्यांतल्या काहींना शिफारसपत्रं मीच दिली आहेत. पण ते काय शिकायला जातोय हे ठरवून गेले.

‘एका वर्षात पदवी, मग दोन वर्षं कामाचा व्हिसा’

हे वर्णन ब्रिटनचं आहे. मेसेजमध्ये देशाचं नाव नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला ते सगळ्या ‘परदेशा’ला लागू वाटतं. ब्रिटनमध्येही ते आता जुनं झालं. पदवीनंतर काम करू देणारा तिथला ग्रॅज्युएट रूट व्हिसा दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो १८ महिन्यांचा मिळणार आहे. पीएचडीवाल्यांची तीन वर्षं तेवढी कायम आहेत. म्हणजे २०२६ च्या सप्टेंबरात मास्टर्सला जाणारा मुलगा या १८ महिन्यांतच बसतो.

ते संपले की स्कील्ड वर्कर व्हिसा लागतो. त्यासाठी परदेशी माणसं नेमायचा परवाना असलेल्या कंपनीनं नोकरी द्यावी लागते आणि पगाराची किमान पातळी गाठावी लागते. जुलै २०२५ पासून ही पातळी वर्षाला ४१,७०० पौंड आहे, नव्यानं कामाला लागणाऱ्यांसाठी ३३,४०० पौंड. पर्यावरण सल्लागार कंपन्यांत नवख्याचा पगार बहुधा याच्याही खाली सुरू होतो. त्यामुळे नोकरी असूनही व्हिसा नाही, अशी वेळ येऊ शकते. ही अडचण मुलाच्या हुशारीशी संबंधित नाही, आकड्यांशी आहे.

अमेरिकेचा हिशेब वेगळा. तिथं पदवीनंतर १२ महिने काम करता येतं आणि अभ्यासक्रम ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतला असेल तर आणखी २४ महिने. सारख्याच नावाचे दोन अभ्यासक्रम असतात. एक विज्ञान शाखेचा, दुसरा व्यवस्थापनाचा. पहिल्याचा कोड स्टेमचा आणि दुसऱ्याचा नसतो, असं होऊ शकतं. फी भरण्याआधी विद्यापीठाला ईमेल करून हा कोड लेखी मागवावा. पुढे एच-वन-बी या कामाच्या व्हिसाची सोडत आहेच, सगळ्या जगासाठी वर्षाला ८५,००० जागांची. जर्मनी पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने देते, नेदरलँड्स एक वर्ष.

‘नोकरी पक्की’

या दाव्यावर मला जरा थांबायचं आहे, कारण मुलं इथंच फसतात. सॉफ्टवेअरचं काम पुण्यात केलं काय किंवा म्युनिकमध्ये, फारसा फरक पडत नाही. पर्यावरणाचं काम तसं नाही. ते त्या देशाच्या कायद्याला, तिथल्या नगरपालिकेला, तिथल्या नदीला बांधलेलं असतं. जर्मनीत सांडपाण्याच्या परवान्याची फाईल जर्मनमध्ये लिहिली जाते, जनसुनावणी जर्मनमध्ये होते, शेतकऱ्याशी बोलायचं तेही जर्मनमध्ये. अभ्यासक्रम इंग्रजीत असतो म्हणून प्रवेश मिळतो. कामाची भाषा मात्र ती नसते. दोन वर्षं शिकतानाच भाषा बी-२ पातळीवर (कामकाजात सहज बोलता-लिहिता येईल इतकी) नेणाऱ्याला संधी आहे, इंग्रजीवर विसंबून राहिलेल्याला फार कमी.

दुसरी गोष्ट. ‘सस्टेनेबिलिटी’ हा विषय आहे, कसब नव्हे. कंपनी विचारते ते असं : जीआयएसवर (संगणकी नकाशा प्रणालीवर) पाणलोटाचा नकाशा करता येतो का, भूजलाचं मॉडेल चालवता येतं का, कारखान्याचा कार्बन हिशेब मांडता येतो का, एखाद्या उत्पादनाचं जन्मापासून विल्हेवाटीपर्यंतचं मूल्यमापन जमतं का, चिमणीतल्या धुराचं मोजमाप करता येतं का. अभ्यासक्रमाची विषयसूची उघडा. तिच्यात धोरण, नेतृत्व, नैतिकता, चर्चासत्रं एवढंच असेल आणि प्रयोगशाळा, सांख्यिकी, फील्डवर्क नसेल, तर बीएस्सी झालेल्या मुलाच्या हाती त्यातून फारसं काही लागत नाही. सिव्हिल किंवा केमिकल इंजिनिअर, सनदी लेखापाल, भूगर्भशास्त्रज्ञ यांच्या गाठीला आधीच एक कसब असतं. तोच अभ्यासक्रम त्यांना उपयोगी पडतो.

आता पासपोर्टबद्दल. गोव्यात हे बोललंच पाहिजे. बर्फातल्या फोटोतल्या मुलाकडे कुठला पासपोर्ट आहे, ते मेसेज सांगत नाही. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज राजवट संपण्यापूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं आणि ते घेतलेला तरुण युरोपीय संघात व्हिसाशिवाय, प्रायोजक कंपनीशिवाय काम करू शकतो. फीचंही तसंच. नेदरलँड्समध्ये युरोपीय नागरिकाला विद्यापीठाची वर्षाची फी साधारण अडीच हजार युरो पडते. भारतीय पासपोर्टवर वाखेनिंगेनसारख्या नावाजलेल्या विद्यापीठात ती वीस हजारांच्या आसपास किंवा वर जाते. ब्रिटनला मात्र ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, या पासपोर्टचा पूर्वीसारखा उपयोग नाही. हे नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, कारण आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. म्हणून शेजारच्या मुलाला जमलं ते आपल्याला जमेल का, हे विचारताना दोघांचे पासपोर्ट आधी बघा.

‘कर्ज तीन वर्षांत फिटतं’

हिशेब मांडूनच बघू. ब्रिटनमधली फी २५,००० पौंड धरली आणि लंडनबाहेर राहण्या-खाण्याला महिन्याला ११५० ते १२०० पौंड, तर वर्षाचे ३९,००० होतात. पौंड ११७ रुपयांना धरला तर हे पंचेचाळीस लाखांच्या वर गेलं. त्यातले चाळीस लाख साडेदहा टक्क्यांनी कर्जाऊ घेतले आणि तीन वर्षांत फेडायचे ठरवले, तर हप्ता महिन्याला सुमारे १ लाख ३० हजार, म्हणजे अकराशे पौंड बसतो. समजा मुलाला वर्षाला ३०,००० पौंड पगार आहे. कर आणि राष्ट्रीय विमा वजा जाता हातात महिन्याला २,०९० पौंडांच्या आसपास येतात. हप्ता भरल्यावर उरलेल्या हजारेक पौंडांत भाडं, प्रवास, जेवण. तीन वर्षं असं काढणं शक्य नाही. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ५४ हजारांवर येतो, पण मुलगा मध्येच परत आला तर गोव्यातल्या पहिल्या पगारात तोही भरता येत नाही. तेव्हा बँक वडिलांचं घर बघते. शिकत असताना चढणारं व्याज या हिशेबात धरलेलंच नाही.

स्वस्त वाटा आहेत. मेसेज त्यांचा उल्लेख करत नाही. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो आहे आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही आता फी लावली आहे. खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. ते आपणच महिन्या-महिन्यानं वापरतो. युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडुस या संयुक्त मास्टर्सची शिष्यवृत्ती मिळाली तर फी माफ आणि महिन्याला १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. पाणी, किनारा, समुद्र, हवामान अशा विषयांचे अभ्यासक्रम त्यात आहेत आणि गोव्यातल्या मुलाला अर्जात लिहायला या विषयांवर खूप काही असतं. ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर मायदेशी परतावं लागतं. गोव्याचा रहिवासी असाल तर एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आणि उच्चशिक्षण संचालनालयाची मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजना, या दोन्हींची चालू वर्षाची अट पर्वरीला जाऊन विचारल्याशिवाय बँकेच्या पायऱ्या चढू नका.

‘गोव्यात तर स्कोप नाहीच’

हे वाक्य वाचून मला राग येतो. गेल्या पंधरा वर्षांत गोव्याचं सगळं राजकारण आणि अर्थकारण पर्यावरणाभोवतीच फिरलं. बेकायदा खाणकामावरचा शाह आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये आला आणि खाणी थांबल्या. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. आता पट्टे लिलावानं दिले जात आहेत आणि प्रत्येकाला नव्यानं पर्यावरण दाखला, त्यासाठी आघात मूल्यांकन (पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल), जनसुनावणी. पेडण्यातल्या मोपा विमानतळाचा पर्यावरण दाखला सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१९ मध्ये स्थगित केला, कारण आजूबाजूच्या जंगलाची, संवेदनशील क्षेत्राची माहिती नीट दिलेली नव्हती. काम जानेवारी २०२० पर्यंत अडकलं. वाईट अहवालाची किंमत किती मोठी असते, ते पेडण्यानं पाहिलं आहे.

हे अहवाल लिहितं कोण? क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या नॅबेट या मंडळाची मान्यता असलेल्या संस्था. तिथं हवा, पाणी, जैवविविधता, भूजल, जमीन वापर, समाज-अर्थकारण अशा एकेका अंगाचा तज्ज्ञ लागतो. आपल्या भागावरचे कितीतरी अहवाल गोव्याबाहेरच्या संस्था करतात. किनारी व्यवस्थापन आराखडाही चेन्नईच्या संस्थेनं केला, आणि खाजनं (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं), बांध, मानशी (बांधातली पाण्याची दारं), वाळूच्या टेकड्या नकाशावर कशा सुटल्या ते जनसुनावणीत गावकऱ्यांनीच दाखवून दिलं. भरतीचं खारं पाणी मानशीतून कधी आत घ्यायचं, कधी अडवायचं, हे जाणणारी आणि तेच जीआयएसवर दाखवू शकणारी दहा मुलं तयार झाली तर त्यांना काम शोधत फिरावं लागणार नाही.

संशोधनाचं तर विचारूच नका. १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलाला आहे. अंटार्क्टिकावरची मैत्री आणि भारती, आर्क्टिकमधलं हिमाद्री ही भारताची केंद्रं वास्कोच्या हेडलँड सड्यावरून चालवली जातात. जुन्या गोव्याला किनारी शेतीची केंद्रीय संस्था आहे, ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठाचा समुद्रविज्ञान विभाग. जगभरचे संशोधक जिथं यायला धडपडतात, तिथं आपली मुलं बसनं जाऊ शकतात.

उणीही बाजू सांगते. या संस्थांत सुरुवातीच्या जागा बहुतेक प्रकल्पावरच्या, कंत्राटी असतात; शास्त्रज्ञ व्हायला बहुधा पीएचडी लागते. इथल्या सल्लागार कार्यालयांत पहिला पगार कमी असतो. चांगले पगार ज्या ईएसजी (कंपनीच्या पर्यावरण, समाज, कारभार यांच्या लेखाजोख्याच्या) कामात आहेत ते मुंबई, पुणे, बंगळूर, गुरुग्रामला. सेबीनं बाजारमूल्यानं पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता मांडणारा) अहवाल बंधनकारक केल्यापासून ते वाढलं. पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनिअम युरोपला पाठवणाऱ्या कारखान्यांना २०२६ पासून युरोपच्या कार्बन सीमा करामुळे (आयात मालाच्या उत्सर्जनावरच्या करामुळे) उत्सर्जनाचा पक्का हिशेब लागतो. त्यासाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा इथंच देता येते.

सरकारी जागेवर डोळा असेल तर आणखी एक. राज्याच्या जाहिरातींत कोकणी आवश्यक, मराठी इष्ट, शिवाय पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला असतो. ते आपल्या मुलांकडे असतं. मात्र पर्यावरण अभियंत्याच्या पदाला अभियांत्रिकीचीच पदवी मागतात, तिथं सस्टेनेबिलिटीचं मास्टर्स चालत नाही. परदेशी पदवीची समकक्षताही आधी तपासावी. ब्रिटनच्या एक वर्षाच्या मास्टर्सला २०२२ च्या करारानं मान्यता मिळाली खरी, पण अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक पदव्या त्यातून वगळल्या आहेत.

‘पुढे पीआर’

ब्रिटन सरकारनं २०२५ मध्ये कायम वास्तव्य (पीआर) मिळण्याआधी तिथं काढावी लागणारी मुदत पाचावरून दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला. एवढं पुरे.

‘सल्ला मोफत’

मोफत कुणासाठी, ते बघा. ब्रिटन, ऑस्ट्रेलियातली अनेक विद्यापीठं विद्यार्थी आणून देणाऱ्या एजंटाला पहिल्या वर्षाच्या फीचा हिस्सा देतात. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं सहसा असा हिस्सा देत नाहीत, इरास्मस मुंडुसचा अर्ज तर मुलगा स्वतःच भरतो. म्हणून एजंटाच्या टेबलावरच्या यादीत ही नावं क्वचितच असतात. पणजी-म्हापशात समुपदेशकासमोर बसलात तर त्याला सरळ विचारा : या विद्यापीठाकडून तुम्हाला काय मिळतं, गेल्या तीन वर्षांत या अभ्यासक्रमाला पाठवलेली मुलं आज कुठल्या पदावर आहेत, आणि त्यांतल्या दोघांचा नंबर द्याल का. नंबर मिळाला तर त्या मुलांना पगार नंतर विचारा. आधी व्हिसा कुठला आणि तो कधी संपतो, हे विचारा.