समान जागांनी प्रश्न सुटेल का?

अमेरिकेच्या सिनेटप्रमाणे राज्यसभेतही प्रत्येक राज्याला समान जागा असाव्यात, ही लेखातील सूचना लहान राज्यांच्या दृष्टीने रास्त आहे. उत्तर प्रदेशाला 31 आणि गोव्याला 1 ही तफावत डोळ्यांत भरते. मात्र कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर-निपाणीकडून पाहताना वाटते की, ‘राज्य’ आणि ‘प्रदेश’ हे शब्द लेखकाने एकच मानले आहेत. कर्नाटकाच्या 12 जागांपैकी एकही विशिष्ट भागासाठी नाही. विधानसभेचे 224 आमदार एकल संक्रमणीय मतपद्धतीने (म्हणजे उमेदवारांना पसंतीक्रम देऊन) मतदान करतात आणि एका वेळी चार जागा भरायच्या असल्या, तर निवडून येण्यास साधारण 45 मते लागतात. बेळगाव जिल्ह्याचे आमदार आहेत 18. ते सगळे एकत्र आले (तसे ते कधी येतील, हा भाग निराळा) तरी स्वबळावर एक सदस्य पाठवू शकत नाहीत. जिल्ह्यातील व्यक्ती राज्यसभेत गेल्या आहेत, पण त्या पक्षाच्या पसंतीने. त्यातच 2003 च्या दुरुस्तीने उमेदवार त्याच राज्यातील मतदार असण्याची अट काढली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. याउलट, राज्याच्या विधान परिषदेत स्थानिक संस्थांच्या मतदारसंघातून बेळगावला निदान स्वतःचे प्रतिनिधी मिळतात.