एक सीपीयू गेला की दुसरा सांभाळत नाही

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या भाचीने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली विचारलं, "मामा, घेऊ का?" तिच्या वर्गाच्या ग्रुपवर तो आधीच फिरून आलाय. तिला "नको" एवढं लिहून भागलं असतं, पण वर्ग मोठा आहे आणि फॉरवर्डचा पसारा त्याहून मोठा, म्हणून जरा सविस्तर.

मेसेजमधला दावा थोडक्यात असा. जुन्या सर्व्हरमधून काढलेले दोन झिऑन ई५-२६८० व्ही४ (इंटेलचे सर्व्हरसाठीचे सीपीयू, म्हणजे प्रोसेसर), दोन सीपीयू बसणारा 'एक्स९९ ड्युअल' नावाचा चिनी मदरबोर्ड आणि १६-१६ जीबीच्या दोन रॅम स्टिक, सगळं मिळून ३५ हजारांत. ५६ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामं), म्हणून दुप्पट वेग. रॅमचा वेगही दुप्पट. कुठलाही झिऑन, कुठलाही एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), कुठलंही कॅबिनेट चालतं. आणि कळस म्हणजे, एक प्रोसेसर बिघडला तरी मशीन दुसऱ्यावर चालू राहतं, त्यामुळे 'बॅकअपची कटकट नाही'.

आधी हा कळसच घेऊ. बाकीच्या मुद्द्यांत पैसे जातात, यात वर्षभराचं काम जातं.

सुपरमायक्रोच्या एक्स१०डीआरआय या त्याच पिढीच्या ड्युअल बोर्डचं मॅन्युअल फुकट उतरवता येतं. त्यात 'सिस्टिम ब्लॉक डायग्राम' असं एक पान आहे. पुढे पुन्हा लागेल, तेव्हा उघडूनच ठेवा. पानावर दोन चौकोन आहेत, सीपीयू १ आणि सीपीयू २. मधे क्यूपीआयच्या, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या दुव्याच्या, रेषा. प्रत्येकाला त्याची त्याची रॅम लागलेली. आणि सी६१२ चिपसेटची (बाकीचे भाग सीपीयूला जोडणारी चिप) रेषा जाते ती फक्त सीपीयू १ कडे. बायोसची (मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) चिप, साटा (डिस्कची जोडणी), यूएसबी हे सगळं त्या चिपसेटमागे. म्हणजे सीपीयू १ गेला की बायोसपर्यंत पोचायचा रस्ताच बंद. मशीन सुरूच होत नाही, सीपीयू २ कितीही ठणठणीत असो.

आणि सीपीयू २ गेला तर? चालू मशीनवर ऑपरेटिंग सिस्टिमने कामं दोन्हीकडे वाटलेली असतात आणि निम्मी रॅम सीपीयू २ च्या मेमरी कंट्रोलरला लागलेली असते. तो कंट्रोलर गप्प झाला की त्या रॅममधलं सगळं त्या क्षणी नाहीसं. विंडोजवर निळा पडदा, लिनक्सवर कर्नल पॅनिक. त्यानंतर कोणीतरी कॅबिनेट उघडून तो सीपीयू काढायचा, त्याच्याकडची रॅम सीपीयू १ च्या स्लॉटमध्ये हलवायची, सीपीयू २ ला जोडलेल्या पीसीआयई स्लॉटमधलं ग्राफिक्स कार्ड दुसरीकडे लावायचं (कारण ते स्लॉट आता मेलेले), मग मशीन उठेल. याला दुरुस्ती म्हणतात. एकाने मान टाकल्यावर दुसऱ्याने काम पुढे चालू ठेवणारी यंत्रं जगात आहेत; बँका आणि टेलिफोन कंपन्या ती विकत घेतात आणि त्यांच्या किमतीत ३५ हजार हा आकडा कुठे सापडणारही नाही.

त्यातही गंमत अशी की सीपीयू हा मशीनमधला सहसा न बिघडणारा भाग. जातो तो एसएमपीएस, डिस्क, रॅमची स्टिक, बोर्डवरची व्होल्टेज देणारी सर्किटं. ड्युअल बोर्डवर ही सर्किटं दोन, रॅमचे स्लॉट दुप्पट, सीपीयू ज्यात बसतो त्या सॉकेटच्या नाजूक पिना दुप्पट. बिघडायच्या जागा वाढल्या, कमी नाही झाल्या. थीसिसची फाईल वाचवायची असेल तर एक बाहेरची डिस्क घ्या आणि रोज कॉपी करा. ही कटकट दहा सॉकेट लावले तरी सुटत नाही.

आता वेग. ऑटोडेस्कने स्वतःच्या सपोर्ट पानावर लिहून ठेवलंय की ऑटोकॅड मुळात एका थ्रेडवर चालतं आणि जास्तीच्या कोअरचा (सीपीयूमधले काम करणारे स्वतंत्र भाग) उपयोग टूडी रीजनरेशन (रेखाचित्र पडद्यावर पुन्हा मांडणं) आणि रेंडरिंगपुरता (मॉडेलचं फोटोसारखं चित्र बनवणं). स्केचअपमध्ये मॉडेल फिरवणंही तसंच. अशा कामात महत्त्वाचा असतो तो एकट्या कोअरचा वेग. २६८० व्ही४ हा २०१६ सालचा. एक कोअर जास्तीत जास्त ३.३ गिगाहर्ट्झला जातो, सगळे राबायला लागले की त्याहून खाली. एएमडीचा साधा डेस्कटॉप सीपीयू रायझन ७ ५७००एक्स ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, आणि प्रत्येक ठोक्यात कामही जास्त करतो. भिंत ओढताना त्या मशीनचे ५५ थ्रेड नुसते बसून राहतील आणि उरलेला एक आठ कोअरच्या डेस्कटॉपपेक्षा हळू चालेल. यात दुप्पट काय आहे ते मेसेज लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

ज्या कामाचे तुकडे करून कोअरमध्ये वाटता येतात तिथेही दोनने गुणायचं नसतं. कामाचा १० टक्के भाग एकामागून एकच होणार असेल, तर १४ कोअरवर ते सुमारे ६.१ पट वेगाने होतं आणि २८ कोअरवर ७.६ पट. दुसरा सीपीयू लावून मिळालं २४ टक्के. हा हिशेब जीन अॅमडालने १९६७ मध्ये मांडलाय, आणि त्यात दोन सीपीयूंमधल्या ये-जा करण्याचा वेळ धरलेलाही नाही.

ती ये-जा म्हणजे पुन्हा ब्लॉक डायग्राम. ड्युअल बोर्ड ही खरं तर दोन मशीनं आहेत आणि मधे एक अरुंद पूल. २६८० व्ही४ ला स्वतःच्या रॅमचे चार चॅनल (रॅमकडे जाणारे रस्ते). डीडीआर४-२४०० च्या चार स्टिक भरल्या तर ७६.८ जीबी प्रतिसेकंद. शेजारच्याच्या रॅमकडे जायचं तर क्यूपीआयवरून, दोन्ही लिंक मिळून एका दिशेला ३८.४ जीबी प्रतिसेकंद, आणि वाट बघायची ती वेगळी. मेसेजमधल्या यादीत तर स्टिकच दोन! दोन्ही सीपीयू १ कडे लावल्या तर सीपीयू २ ला प्रत्येक बाइटसाठी पूल ओलांडायचा. एकेक वाटून दिली तर प्रत्येकाला १९.२, दोघांचे मिळून ३८.४. डीडीआर४-३२०० च्या दोन स्टिक लावलेला साधा डेस्कटॉप ५१.२ देतो. 'दुप्पट रॅम वेग' म्हणून जे विकलं जातंय ते डेस्कटॉपच्या पाऊण पट आहे. या बोर्डवर किमान आठ स्टिक हव्यात, चार-चार, मॅन्युअलमध्ये दिलेल्या स्लॉटमध्येच, आणि सगळ्या एकाच जातीच्या: रजिस्टर्ड (सर्व्हरच्या जातीच्या) असतील तर सगळ्या रजिस्टर्ड. जुन्या डेस्कटॉपची साधी स्टिक मधे घुसवली तर मशीन सुरूच होणार नाही.

बरं, जे खरं आहे ते मान्य करू. व्ही-रे किंवा ब्लेंडरचं सीपीयूवरचं रेंडरिंग, मोठ्या प्रोग्रॅमचं कंपायलिंग, एका मशीनवर दहा-पंधरा व्हर्च्युअल मशीन चालवणं, अशा कामांत जुने दोन झिऑन खरोखर स्वस्तात बरंच काम उरकतात. रॅमचे १६ स्लॉट आणि ८० पीसीआयई लेन (कार्डं जोडायच्या डेटाच्या वाटा) हा फायदाही खराच. घरगुती बोर्डवर तो मिळत नाही. पण रेंडरमध्येही १६ कोअरचा एकटा रायझन ९ ७९५०एक्स या जोडीच्या पुढे जातो, आणि ब्लेंडर ग्राफिक्स कार्डवर चालवलं तर प्रश्नच मिटतो.

'कुठलाही झिऑन चालतो' हे साफ खोटं. ई५-१६५० व्ही४ त्याच सॉकेटमध्ये बसतो, पण जोडीने चालत नाही. आकड्यातला पहिला अंक बघा: १६०० मालिका एका सॉकेटची, २६०० दोनची. खात्री हवी तर इंटेलच्या उत्पादन पानावर 'स्केलेबिलिटी' अशी ओळ असते, तिथे '२एस' हवं. दोन्ही सीपीयू एकाच मॉडेलचे घ्या. झाकणावरचा कोड वाचा. २६८० व्ही४ वर एसआर२एन७ असतं. क्यूने सुरू होणारा चार अक्षरी कोड असेल तर तो चाचणीसाठी बनवलेला नमुना, कितीही स्वस्त असला तरी परत ठेवा. २०११ आणि २०११-३ ही सॉकेटची नावं सारखी वाटतात पण व्ही२ चा सीपीयू व्ही४ च्या बोर्डात जात नाही. आणि बोर्डवरचं बायोस व्ही३ च्या काळातलं राहिलं असेल तर ते व्ही४ ओळखतच नाही. आधी अपडेट, मग सीपीयू.

'एक्स९९ ड्युअल' हे नावच मुळात फसवं. एक्स९९ हा इंटेलचा एका सॉकेटसाठीचा चिपसेट, दोनसाठीचा सी६१२. या चिनी बोर्डांवर अनेकदा जुन्या बोर्डांवरून काढलेला चिपसेट पुन्हा बसवलेला असतो, कधी चक्क बी८५ सारखा डेस्कटॉपचा. चालतात, नाही असं नाही. पण बायोसचं अपडेट कुठून आणायचं, ब्लॉक डायग्राम कुठे बघायचा, याला उत्तर नाही. ड्युअल घ्यायचाच असेल तर सुपरमायक्रो किंवा आसुसचा जुना सर्व्हर बोर्ड घ्या. फक्त त्यावर साउंड नसतो हे आधी कळलेलं बरं, आणि पडद्याचं जे पोर्ट असतं ते देखरेखीपुरतं. या झिऑनमध्ये ग्राफिक्स नसतंच.

कॅबिनेटचं थोडक्यात. साधा एटीएक्स बोर्ड ३०.५ × २४.४ सेंटिमीटर, एक्स१०डीआरआय ३०.५ × ३३. बोर्डच्या भोकाशी न जुळणारा पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा खुंट) खाली तसाच राहिला तर बोर्डच्या पाठीला टेकून शॉर्ट होतो, म्हणून तो आधी काढा. कूलर घेताना सॉकेटची चौकट मोजा: चौरस असेल तर स्क्रूंमधलं अंतर ८० × ८० मिलिमीटर, अरुंद असेल तर ५६ × ९४. एकाचा कूलर दुसऱ्यावर बसत नाही.

एसएमपीएसवर मात्र थांबायला हवं, कारण इथे जळतं. प्रत्येक सॉकेटला स्वतःचं आठ पिनी ईपीएस कनेक्टर (सीपीयूला वीज देणारं) लागतं, म्हणजे एसएमपीएसवर ती दोन हवीत. एकच असेल तर लोक ग्राफिक्स कार्डचं आठ पिनी कनेक्टर रेटून बसवतात. त्याच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूंना असतात. बटण दाबलं की संपलं. मोलेक्सवरून (जुन्या डिस्कचं चार पिनी कनेक्टर) ईपीएस करणारी केबल हा दुसरा उद्योग. १२० वॉटचा सीपीयू १२ व्होल्टवर १० अँपिअर ओढतो, आणि मोलेक्समध्ये १२ व्होल्टची पिवळी तार एकच. रात्रभराच्या रेंडरला ते प्लास्टिक मऊ होतं. दोन ईपीएस असलेला चांगल्या कंपनीचा एसएमपीएस घ्यायचा तर मेसेजमधले ३५ हजार तिथेच कोसळतात.

विंडोजबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही. होम आवृत्ती एकच सॉकेट वापरते. दुसरा सीपीयू लावलेला असूनही नसल्यासारखा, ५६ पैकी २८ थ्रेड. प्रो लागतं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा झिऑन नाही.

कोणी एपिककडे (एएमडीचे सर्व्हरसाठीचे सीपीयू) वळत असेल तर तिथे 'लेन दुप्पट' हेही चालत नाही. एकट्या ७००२ मालिकेच्या एपिकला १२८ लेन असतात. दोन लावले की प्रत्येकाच्या बऱ्याच लेन एकमेकांशी बोलण्यात जातात, आणि हातात २५६ नाही, १२८ ते १६० पडतात. नावाच्या शेवटी पी असेल तो जोडीने चालतच नाही. शिवाय काही ब्रँडेड सर्व्हरमधून काढलेले एपिक त्या कंपनीच्या बोर्डाशी कायमचे बांधलेले असतात, दुसरीकडे लावले तर उठत नाहीत.

भाचीला उत्तर: आठ कोअरचा एक सीपीयू, ३२ जीबी रॅम दोन स्टिकमध्ये, उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात.

ज्यांनी ड्युअल आधीच घेतलाय त्यांनी बायोसमध्ये न्यूमा (कुठली रॅम कुठल्या सीपीयूची हे ऑपरेटिंग सिस्टिमला सांगणारी सोय) चालू आणि 'नोड इंटरलीव्हिंग' (दोन्हीकडची रॅम एकत्र मिसळणारी सोय) बंद ठेवा. मग टास्क मॅनेजरच्या सीपीयू पानावर 'सॉकेट्स २' दिसतंय का बघा. रॅम भरली तेवढी दिसत नसेल तर स्टिकला दोष देण्याआधी सीपीयू उचलून टॉर्चच्या तिरप्या उजेडात पिना बघा. एक वाकलेली पीन अख्खा चॅनल गायब करते. सुपरमायक्रोवर पंखे दर काही सेकंदांनी किंचाळत असतील तर पंखा खराब नाही, सावकाश फिरणारा पंखा बोर्डला बंद पडल्यासारखा वाटतोय. आयपीएमआयटूल या बोर्डच्या देखरेखीच्या प्रोग्रॅमने त्या पंख्याच्या वेगाची खालची मर्यादा उतरवा. आणि सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण फेकू नका. बोर्ड विकायला किंवा परत करायला गेलात की दुकानदार आधी तेच मागतो.