लघवीकडे बघून निदान? मुद्देवार उत्तर

लघवी आणि किडनीबद्दलचा एक संदेश वरचेवर फिरत असतो. त्यातले दावे साधारण असे: जळजळ म्हणजे उष्णता, भरपूर पाणी प्या, गढूळ किंवा वासाची लघवी म्हणजे इन्फेक्शन, सारखं जावं लागतं तेही इन्फेक्शनच, रक्त आलं पण दुखत नसेल तर घाबरू नका, रिपोर्टमध्ये पस सेल्स (पूच्या पांढऱ्या पेशी) दिसले की अँटिबायोटिक, कंबर दुखली की किडनी. यातले काही अर्धवट खरे आहेत. रक्ताबद्दलचा मात्र जिवावर बेतू शकतो.

जळजळीपासून सुरुवात करू. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते आणि थोडी चुरचुरते, इथपर्यंत ठीक. पण उन्हाळी लागली म्हणणाऱ्या रुग्णाला आधी दोन गोष्टी विचारायच्या. आग आतून होते की लघवी बाहेरच्या त्वचेला लागल्यावर? अंगावरून पांढरं जाणं किंवा खाज आहे का? स्त्रीला नव्याने जळजळ आणि वारंवार लघवी दोन्ही आहे, अंगावरून जात नाही, खाजही नाही, तर मूत्रमार्गाच्या संसर्गाची शक्यता 90 टक्क्यांच्या घरात जाते. खाज किंवा स्राव असेल तर योनीमार्गाची तपासणी हवी. तरुण पुरुषाला जळजळीसोबत स्राव असेल तर लैंगिक संबंधातून होणारे संसर्ग तपासावे लागतात. पाण्याचं म्हणाल, तर 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या स्त्रियांनी रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायल्यावर वर्षभरातले संसर्ग जवळपास निम्म्यावर आले. हा प्रतिबंध झाला. झालेल्या संसर्गावरचा उपचार नव्हे. हृदय किंवा किडनी निकामी होत चाललेल्या रुग्णाला तर ‘भरपूर प्या’ हा सल्ला घातकच.

वास आणि गढूळपणा यांवरून फारसं काही ठरत नाही. लघवी भांड्यात थंड झाली तरी क्षार साचून ती गढूळ दिसते.

‘सारखं जावं लागतं’ या तक्रारीत सगळ्यात जास्त चुका होतात. किती वेळा, एवढंच विचारून भागत नाही. दर वेळी किती, हे कळायला हवं. त्यासाठी तीन दिवसांची नोंदवही पुरते: मापाचं भांडं घ्यायचं, वेळ, मिलिलिटर, प्यायलेलं पाणी आणि नकळत गळली असेल तर तेही लिहायचं. दर वेळी 50-100 मिलि आणि जळजळ असेल तर मूत्राशय चिडलेलं आहे. दर वेळी 300-400 मिलि आणि दिवसाची बेरीज 3 लिटरच्या वर, तर लघवीच जास्त तयार होते आहे. आधी रक्तातली साखर बघा. वयस्कर माणसाच्या एकूण लघवीपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रात्री होत असेल (सकाळी उठल्यावरची पहिली लघवी रात्रीच्या हिशेबात धरायची), तर पायांची सूज, हृदय, झोपेतला श्वास आणि संध्याकाळी घेतली जाणारी लघवीची गोळी यांची चौकशी करावी.

चौथा प्रकार फसवा असतो. धार बारीक, थेंब थेंब, जाऊन आल्यावरही ओटीपोट मोकळं वाटत नाही आणि रात्री अंथरूण ओलं होतं. हे मूत्राशय कधी रिकामंच होत नाही. भरून ओसंडतं तेवढंच बाहेर पडतं. हळूहळू तुंबलेलं असल्याने दुखतही नाही. म्हणून लघवी करून आल्यावर रुग्णाला उताणं झोपवून ओटीपोट चाचपायचं. वर आलेला गोल फुगवटा आणि टकटक केल्यावर बद्द आवाज मिळाला की सोनोग्राफीत उरलेली लघवी मोजून घ्यायची. ती सातत्याने 300 मिलिच्या वर राहत असेल तर मामला जुना आहे. कारणं बरीच: प्रोस्टेटची वाढ, मधुमेहाने दुबळ्या झालेल्या नसा, बद्धकोष्ठ, सर्दीच्या काही गोळ्या, तीव्र वेदनाशामकं. अशा रुग्णाला ‘लघवी धरवत नाही’ असं समजून मूत्राशय सैल करणारं औषध दिलं, तर लघवी पूर्ण बंद होऊ शकते. वयस्कर पुरुषाचं अंथरूण नव्याने ओलं व्हायला लागलं, तर क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) हीही त्याच दिवशी करावी. मागे दाब येऊन किडन्या फुगलेल्या असू शकतात.

आता रक्त. न दुखता लाल लघवी होणं हे मूत्राशयाच्या कर्करोगाचं नेहमीचं पहिलं लक्षण आहे, आणि ते बरेचदा एकदा दिसून आपोआप थांबतं. पुढची लघवी स्वच्छ आली म्हणून रुग्ण निर्धास्त होतो आणि कित्येक महिने वाया जातात. त्यामुळे एकदाच दिसलं तरी तपासणी टाळू नये, विशेषतः चाळिशी उलटलेली असेल किंवा धूम्रपान असेल तर. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर खापर फोडूनही मोकळं होता येत नाही. लाल रंग सुरुवातीला, शेवटी की पूर्ण धारेत, गाठी पडल्या का, हे विचारावं. कोलासारखा तपकिरी रंग, चेहऱ्यावर सूज आणि वाढलेला रक्तदाब हे एकत्र दिसलं तर दोष किडनीच्या गाळणीत आहे. बीट किंवा रिफाम्पिसिन या क्षयाच्या औषधानेही रंग बदलतो, पण ते लघवीत बुडवायच्या तपासणी-पट्टीने आणि सूक्ष्मदर्शकाने ठरवायचं, अंदाजाने नाही. पट्टीवर रक्त आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी नाहीत, असं आलं तर स्नायू झिजून बाहेर पडलेलं मायोग्लोबिन हे प्रथिन असू शकतं.

पस सेल्सवर अँटिबायोटिक सुरू करणं ही जुनी खोड आहे. पस सेल्स खड्याने, क्षयाने, अर्धवट घेतलेल्या औषधाने किंवा नमुन्यात मिसळलेल्या योनीस्रावानेही दिसतात. सोबत एपिथेलियल (त्वचेच्या अस्तराच्या) पेशी भरपूर असतील तर नमुनाच बिघडलेला आहे. नायट्राइट या जंतूंनी लघवीत बनवलेल्या रसायनाची चाचणी उलट्या बाजूने फसवते, म्हणजे संसर्ग असूनही तो दिसत नाही: ते तयार व्हायला लघवी मूत्राशयात सुमारे चार तास राहावी लागते, आणि एंटरोकॉकससारखे जंतू ते बनवतच नाहीत. लक्षणं नसताना जंतू सापडले तर उपचार मुख्यतः गरोदरपणात आणि मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेआधी करतात. महिनाभर कॅथेटर (लघवीची नळी) असलेल्या जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू असतातच. आजोबा अचानक बरळू लागले म्हणून लगेच लघवीला दोष देऊ नये. अंगातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठ, नवी औषधं, तुंबलेली लघवी हेही तपासा. कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) पाठवायचं तर अँटिबायोटिकच्या आधी, मधल्या धारेचा नमुना, दोन तासांत प्रयोगशाळेत, नाहीतर फ्रिजमध्ये. कॅथेटर असल्यास पिशवीतली लघवी चालत नाही. नळीवरच्या ठरावीक जागेतून काढावी.

कंबरदुखी वाकल्या-वळल्याने वाढत असेल तर बहुतेक वेळा ती स्नायूंची असते. किडनीचं दुखणं शेवटच्या बरगडीखाली, पाठीच्या एका बाजूला असतं. तिथे हलकेच मूठ आपटली तरी रुग्ण कळवळतो. मुतखड्याची कळ जांघेकडे उतरते आणि रुग्णाला एका जागी पडून राहवत नाही. खडा आणि सोबत थंडी वाजून ताप असेल, तर लघवीची वाट अडलेल्या किडनीत पू साठत असू शकतो; तिथे काही तासांत वाट मोकळी करावी लागते, नुसतं अँटिबायोटिक पुरत नाही. आणि कंबरदुखीसोबत लघवी अडली, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, तर मणक्यात नसा दबल्या असण्याची शक्यता धरून त्याच दिवशी एमआरआय करावा.