‘खेळणं’ म्हणालात, म्हणून एवढं लिहितोय

नमस्कार.

बैलगाडीच्या मॉडेलवरच्या लेखमालेचा चौथा भाग (चाकं आणि धाव, म्हणजे चाकावरचं लोखंडी कडं) टाकला, त्याखाली आपण ‘एक शेतकरी’ या नावाने प्रतिक्रिया दिलीत. तिथल्या तिथे दोन ओळीत उत्तर देऊन मोकळा होणार होतो. पण दोन रात्री ते डोक्यातून जाईना, म्हणून इथे सविस्तर लिहितो. बाकीच्या वाचकांसाठी आपलं म्हणणं आधी जसंच्या तसं देतो (तुंबा म्हणजे चाकाच्या मधला लाकडी गड्डा, आरे म्हणजे त्यातून कडेकडे जाणाऱ्या दांड्या, पुठ्ठे म्हणजे कडेचे वळणदार लाकडी तुकडे):

‘फोटो बघायला बरे आहेत. पण चाकं सपाट केलीत. खऱ्या चाकाला बाहेरच्या अंगाने खोलगटपणा असतो, आरे तुंब्यातून जरा तिरपे निघतात. सपाट चाक चाकोरीतल्या आडव्या हिसक्याला टिकत नाही. पुठ्ठ्यांच्या लाकडाच्या रेषा आडव्या गेल्यात, तिथेच फुटणार. शिवळेला खीळ म्हणता. धाव फेविक्विकने चिकटवल्यासारखी दिसते. ढाब्यावरच्या गाडीची मापं घेतल्यावर दुसरं काय होणार. आमच्या गोठ्यामागे दोन चाकं पडून आहेत, बघायला या. फ्लॅटच्या गॅलरीत खेळणी होतात, गाडी होत नाही.’

आधी जे चुकलंय ते कबूल करतो, म्हणजे हा माणूस ऐकून घेत नाही असं कुणी म्हणायला नको. नवव्या फोटोखाली ‘खीळ’ छापलंय तिथे ‘शिवळ’ पाहिजे. खीळ आखाच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या टोकाला, चाक निसटू नये म्हणून. शिवळ जुवाला, बैलाने मान बाहेर काढू नये म्हणून. मला दोन्ही माहीत आहेत, रात्री साडेबाराला फोटो चढवताना हात घसरला. दुरुस्त केलंय. आभार.

आता ते शेवटचं वाक्य.

‘फ्लॅटच्या गॅलरीत खेळणी होतात.’ म्हणजे खेळणं हलकं, असंच ना? सावंतवाडीच्या चितारआळीत पांगाऱ्याच्या लाकडाची फळं-भाज्या करणारे हात तुम्ही पाहिलेत का? तिथला पेरू बघून माणूस आधी वास घेतो. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो, पोरं चाकांवरचे लाकडी नंदी सजवून ओढत नेतात. काही नंदी ओढणाऱ्या पोरापेक्षा उंच असतात. ते करणाऱ्या सुताराला सांगून बघा, की तू खेळणी करतोस, काम करत नाहीस. तो काय उत्तर देईल ते इथे छापता येणार नाही.

आणि माझं म्हणाल तर मी खेळणं केलेलंच नाही. खेळणं अंदाजाने करता येतं. मॉडेलला मोजपट्टी लागते. एकास दहा म्हटलं, की पाच फुटी चाक सहा इंचांचं झालं पाहिजे, पावणेसहाचं चालत नाही. माझ्या दोन चाकांच्या व्यासात फरक आहे 0.2 मिलिमीटर. व्हर्नियर (बारीक मापाचं मोजयंत्र) लावून फोटो दिलाय, तो आपल्या नजरेतून सुटलेला दिसतो. चौतीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला काढली आहेत साहेब. तिथे दोन शतांश मिलिमीटर जास्त गेलं की जॉब भंगारात, आणि वर सुपरवायझरची बोलणी वेगळी. त्या माणसाला ‘बघायला बरं’ म्हणून वाटेला लावायचं, हे काही पटलं नाही.

गॅलरीबद्दलही सांगून टाकतो. नऊ फूट बाय चार फूट. एका बाजूला वॉशिंग मशीन, दुसऱ्या बाजूला जुन्या बाजारातून आणलेला छोटा लेथ. दुपारी एक ते चार मशीन लावायची नाही, कारण खालच्या मजल्यावरच्या आजी झोपतात. तेवढ्या वेळात मी हातानेच आरे तासतो. बारा आरे एका चाकाला, असे चोवीस, शिवाय बिघडलेले धरून एकतीस. तुंबे बाभळीचे आहेत, आणि ती बाभूळ कुठली ते ऐका: माझ्या आजोळच्या मोडक्या कुळवाचं दिंड, म्हणजे त्या औताचं आडवं जाड लाकूड. पन्नासएक वर्षं जमिनीत घासलेलं लाकूड. त्यावर लेथची छिन्नी लावली, तर पहिल्या दहा मिनिटांत धार गेली. ही बाभूळ दुकानात मिळत नाही, त्यासाठी आजोळच असावं लागतं.

हो, आहे मला आजोळ. ‘एक शेतकरी’ एवढं नाव लावलं की समोरचा शहरात जन्मून शहरातच मरणार, असं धरून चालायचं का? माण तालुका. पाऊस कमी, माणसं चिवट. उन्हाळ्यात धाव ढिली व्हायची, लाकूड सुकून आक्रसायचं, आणि चालताना चाक खुळखुळायला लागलं की आजोबा गाडी घेऊन लोहाराकडे जायचे. मी सात-आठ वर्षांचा असेन. लोहाराने धाव जमिनीवर ठेवून तिच्या कडेने गोवऱ्या रचलेल्या. वारा आला की गोल आग एका बाजूने उठायची. चाक शेजारी आडवं पडलेलं असायचं, आणि धाव तापेपर्यंत आम्ही पोरं त्यात चढून परातीत बसल्यासारखी बसायचो, पाय तुंब्याला लावून. मग लोहार ओरडायचा, आम्ही पळायचो. तिघे जण तीन बाजूंनी लांब पकडींनी धाव उचलायचे, चाकावर टाकायचे, घणाचे चार ठोके, आणि लगेच घागरीने पाणी. पांढरी वाफ, जळक्या लाकडाचा वास, आणि त्या वाफेतून आवाज यायचा: कर्र, कर्र. धाव गार होताना आवळत जायची आणि आरे तुंब्यात घट्ट बसायचे, त्याचा तो आवाज. तो ज्याने ऐकलाय त्याला ‘गाडी होत नाही’ असं सांगताना माणसाने जरा विचार करावा.

तर धाव.

फेविक्विक नाही. मुळात लाकूड-लोखंडाच्या जोडाला फेविक्विक कुणी वापरत नाही, जरा थंडी-ऊन झालं की तडकतं. मी वापरलंय ते अरल्डाइट, आणि तेही चार ठिकाणी, थेंब-थेंब. बाकी धाव स्वतःच्या ताणावर बसलेली आहे. एक मिलिमीटरच्या पत्र्यातून पाच मिलिमीटर रुंद पट्टी कापली, वळवली, सांधा सिल्व्हर ब्रेझिंगने (चांदीमिश्रित डाग देऊन) जोडला, कडं चाकापेक्षा किंचित लहान ठेवलं आणि शेगड्यात (व्हाइसमध्ये) लाकडी ठोकळे धरून दाबून चढवलं.

तापवून का नाही चढवली, हा प्रश्न तुमच्या वाक्यात दडलेला आहे, तो मला कळतो. तापवून पाहिली होती. लेखात लिहिलं नाही, कारण ते सांगण्यासारखं नव्हतं. आता सांगतो. लोखंड पाचशे अंशांनी तापलं तर साधारण 0.6 टक्के वाढतं. खऱ्या पाच फुटी चाकाला ही वाढ व्यासात नऊ मिलिमीटर मिळते. तिघांनी मिळून जरा तिरकी टाकली तरी ठोकून बसवता येते. माझ्या सहा इंची चाकाला तीच वाढ मिळते एक मिलिमीटरच्या आत. त्यात खरी धाव अर्धा इंच जाड, उष्णता धरून ठेवते. माझी पट्टी गॅसवरून उचलून ओट्याच्या या टोकापासून त्या टोकाला नेईपर्यंत निम्मी गार. एक बाजू बसली, दुसरी अडकली, आणि जी बसली तिने तीन पुठ्ठे काळे केले. ठोकायला गेलो तर दोन आरे तुंब्यापाशी मोडले. धुराने घर भरलं, बायको देवघरातून धावत आली, आणि पुढचा आठवडाभर स्वयंपाकघरात मला पाणी प्यायलासुद्धा विचारून जावं लागत होतं. असं चाक नंबर एक गेलं. फोटोतलं आहे ते चाक नंबर तीन. (नंबर दोनबद्दल विचारू नका.)

म्हणजे मापात सगळं दहापट लहान करता येतं, आग नाही करता येत. हे कुणी गोठ्यामागे उभं राहून सांगू शकत नाही, त्यासाठी एकदा हात भाजावा लागतो.

पुठ्ठ्यांच्या रेषांबद्दल: एकास दहाला त्या दिसत नाहीत. तुम्हाला दिसल्या, तुमची नजर चांगली आहे. पुढे.

ढाब्याचा टोमणा सोडून देतो. एवढंच सांगतो की ती गाडी शोभेला उभी आहे म्हणून खोटी होत नाही. ढाबेवाल्याने ती एका शेतकऱ्याकडून विकत घेतली, त्या शेतकऱ्याने टायरगाडी केली म्हणून विकली. कारखान्याला ऊस नेणाऱ्या सगळ्यांनीच टायरगाड्या केल्या, डांबरी रस्त्यावर धावेचं कोण ऐकून घेतो? जुन्या गाड्या मग ढाब्यांपुढे, रिसॉर्टच्या दारात, लग्नाच्या हॉलबाहेर सेल्फीला. मी दोन रविवार तिथे टेप घेऊन बसलो, वेटर मला इन्शुरन्सवाला समजत होता. साटा (गाडीची लाकडी बैठक), जू, आख, आरे, सगळी मिळून एकशे चाळीस मापं वहीत आहेत. आता त्या गाडीचं डावं चाक सिमेंटच्या कट्ट्यात अर्धं पुरलंय आणि उजव्याला ऑइलपेंटचे चार हात दिलेत, ही काही माझी चूक नाही.

राहिला खोलगटपणा.

खरं तर यावर मी लिहिणार नव्हतो. सगळीकडे चाकं सारखी नसतात, प्रत्येक सुताराचा हात वेगळा, तुमच्याकडे असेल तसं. माझं मॉडेल काचेच्या पेटीत राहणार आहे, तिथे चाकोरी नाही आणि आडवा हिसका तर नाहीच नाही. शिवाय प्रत्येक आऱ्याचं भोक तुंब्यात तिरपं पाडायचं तर त्या बारा भोकांसाठी वेगळं जिग (काम ठरावीक कोनात धरणारा साचा) करावं लागतं, आणि ढाब्यावरच्या वहीत तसं माप नाही. विषय संपला, असं लिहून उठलो होतो.

मग वर लिहिलेलं एकदा वाचून काढलं. ‘परातीत बसल्यासारखी’ असं लिहून गेलोय. ते बोलण्याच्या ओघात आलं. लहान मुलाला काहीही परातीसारखं वाटतं, आणि साठ वर्षांपूर्वीच्या आठवणीवर कुणी ड्रॉइंग काढत नाही, मी तर मुळीच नाही. पण पाय तुंब्याला लावून बसायचो आणि पाठ टेकायची ती पुठ्ठ्याला, एवढं मात्र पक्कं आठवतं. सपाट चाकावर पाठ टेकायला कडा वर आली पाहिजे ना. काल संध्याकाळी वॉशिंग मशीनवर चाक नंबर तीन ठेवून बराच वेळ बघत बसलो होतो.

म्हणून एक काम सांगतो, आणि हे मी हरलो म्हणून सांगत नाही. गोठ्यामागे चाकं पडली आहेत म्हणता, तर त्यातलं एक आडवं करा, बाहेरचं अंग वर. काठापासून काठापर्यंत सरळ पट्टी ठेवा, तुंब्याच्या अगदी शेजारी, कारण तुंबा वर येत असेल तर पट्टी मध्ये बसायची नाही. मग पट्टीपासून आऱ्याच्या मुळापर्यंत टेप सोडा. किती भरतं ते इंच आणि सूत (इंचाचा आठवा भाग) दोन्हीत लिहा. चार ठिकाणी मोजा, जुनं चाक एका अंगाला बसलेलं असतं. बोटांनी किंवा वितीने मोजून कळवू नका, मला वितीचं एकास दहा करता येत नाही.

तोवर साट्याचा पाचवा भाग येत्या रविवारी येणार नाही.