घाम म्हणजे चरबी नाही, पाणी प्या

परवा भाची सकाळी अकराला ग्राउंडवरून परतली ती भावाचं थंडीचं जाकीट घालून. परभणीत, मे महिन्यात! ओठ कोरडे, पोटऱ्यांत गोळे, आणि वर मलाच सांगते, "मामा, ७०० ग्रॅम उतरलं!" मग मोबाईल पुढे केला. हँडबॉलच्या ग्रुपांवर फिरणारा तो मेसेज: रोज ४ मिनिटं एचआयआयटी (थोडा वेळ जीव तोडून, थोडी विश्रांती, पुन्हा तेच) करा, पळणं आणि वजनं उचलणं बंद, जाकीट घालून, उपाशीपोटी, मधे पाणी न पिता केलं तर फायदा दुप्पट, कारण घाम म्हणजे वितळलेली चरबी.

अहो, घाम म्हणजे पाणी आणि मीठ. तो अंगावर वाळतो तेव्हा शरीर थंड होतं. जाकिटात तो वाळतच नाही, अंग आतून तापत जातं. पारा ४२ वर असताना असं केलं की उष्माघात होऊ शकतो, आणि उष्माघाताने माणूस दगावूही शकतो. ते ७०० ग्रॅम पाणी प्यायल्यावर परत आले. वजनकाट्यावर उभं करून दाखवलं तिला. वजनाच्या २ टक्के पाणी गेलं तरी खेळ मंदावतो. ४५ किलोच्या पोरीचं ते ९०० मिली, लिटरभरही नाही.

४ मिनिटांचं म्हणाल तर त्यात अर्धं खरं आहे, मान्य करावंच लागतं. जपानच्या इझुमी ताबाता यांचा १९९६ चा अभ्यास आहे: सायकलवर २० सेकंद जीव तोडून, १० सेकंद थांबून, असे ७-८ फेरे, आठवड्यातून ५ दिवस, ६ आठवडे. दमसास वाढलाच, शिवाय ऑक्सिजन कमी पडत असताना जोर लावायची क्षमता २८ टक्क्यांनी वाढली. तासभर मध्यम वेगाने सायकल मारणाऱ्यांची ती वाढली नाही. हँडबॉलच्या ४० मीटरच्या कोर्टावर फास्ट ब्रेकला, म्हणजे झटपट चढाईला, पळून लगेच बचावाला परतायचं असतं, तिथे हे कामी येतं. पण त्या फेऱ्यांआधी १० मिनिटं वॉर्मअप होता, आणि आठवड्यातला एक दिवस आधी अर्धा तास सायकल. नेमकं हेच मेसेजमधून गाळलंय.

ताकद? सायकल मारून खांदा तयार होत नाही. जम्प शॉटला (उडी मारून गोलवर चेंडू फेकायला) आणि गोलसमोरच्या ६ मीटरच्या रेषेवर उभ्या राहणाऱ्या खेळाडूला, पिव्हटला, धक्के झेलायला वजनांचा सराव लागतोच. उपाशीपोटीचं तर बोलायलाच नको, वाढत्या वयाचं लेकरू आहे ते.

ज्या मोठ्या माणसांनी हे लेकरांच्या ग्रुपवर ढकललं, त्यांनी आजच त्याच ग्रुपवर लिहावं: पाण्याचं खोटं होतं, जाकीट घरी ठेवा, बाटली भरून आणा, उद्यापासून सराव सकाळी सहाला.