लाल की काळी?

मे महिन्यात आमच्या घरी मला एकच खातं मिळतं, गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, राखण्याचं. जळगावात ज्याला गच्ची आहे आणि जो निवृत्त झालाय, त्याची यातून सुटका नाही. तीन दिवस भिजवून दळलेल्या ज्वारीचा, तीळ-लसूण-मिरची घातलेला घाटा बायको पहाटे शिजवते आणि जुन्या धोतरावर बिबड्या घालते. मग माझ्यासमोर वाटीभर गरम घाटा ठेवते, वरून कच्चं तेल सोडते, हातात काठी देते आणि खाली निघून जाते. ही लाच आहे हे मला तीस वर्षं कळतंय. तीस वर्षं मी ती घेतोय.

कावळे आणि शेजारचं मांजर काठीला घाबरतात. मुंग्या घाबरत नाहीत, पण त्यांच्याबाबतीत आमच्याकडे सगळं आधीच ठरलेलं आहे. मुंग्या तीन प्रकारच्या. काळी मुंगी म्हणजे लक्ष्मी, तिला पीठ-साखर घालायची. लाल मुंगी चावरी, तिच्या वाटेवर हळद टाकायची. आणि मुंगळा, जो गुळाच्या ढेपेला चिकटला की मान तुटेल पण ढेप सुटणार नाही. भारतात मुंग्यांच्या ८०० हून जास्त जातींची नोंद झालेली आहे. आमच्या घराला तीन पुरत आल्यात.

त्या दिवशी सकाळी धोतराच्या काठावर चौथी आली.

लांबट, सडपातळ, जेमतेम सेंटिमीटरभर. डोकं काळं, पोट काळं आणि मधला भाग तांबडा, काळ्या मुंगीला कुणी मध्येच शेंदूर फासावा तसा. पुढेमागे रांग नाही. चार पावलं चालायची, थांबायची, मिशा हलवायची, पुन्हा चालायची. मुंगीला एवढा निवांतपणा मी कधी पाहिला नव्हता. माझ्यासारखीच निवृत्त असावी.

मी बायकोला हाक मारली. ती पिठाच्या हातानेच वर आली, वाकून पाहिलं.

"लाल आहे की काळी?"

"दोन्ही."

"दोन्ही कशी असेल? मी हळद टाकू की पीठ घालू ते सांगा ना."

प्रश्न बिनतोड होता. एवढ्यात पलीकडच्या गच्चीवरून आबांचं डोकं वर आलं. आबा अमळनेरकडचे, तीस वर्षं शहरात राहून अहिराणी सोडलेली नाही.

"काय करी राह्यनात, नाना?"

"मुंगी ओळखतोय."

"मुंगीले कसाले वळखनं? ती काय पैसा उसना ली गयी का?"

मेहरूण तलावावर सकाळी फिरायला आमच्यासोबत एक सर असतात. प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेत. त्यांना फोन लावला आणि मोठ्या उत्साहाने रंग सांगितला. त्यांना रंगात रसच नव्हता. "कंबर सांगा," म्हणाले. "कंबरेला गाठी किती? एक की दोन? आणि मिशा कोपरात वाकलेल्या आहेत का?" मुलीच्या लग्नात वरपक्षानेसुद्धा इतकी चौकशी केली नव्हती. पण मुंगीचं कूळ ठरवताना या गाठीच आधी पाहतात म्हणे. मिशीचा पहिला तुकडा लांब असतो आणि तिथून ती हाताच्या कोपरासारखी वळते, म्हणून ती दुसरी खूण.

"फोटो पाठवा. एक वरून, एक बाजूने, एक तोंडाचा." चौकीत गुन्हेगाराचे काढतात तसे.

आता एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात आईचं पोथी वाचायचं भिंग, नाकावर चष्मा आणि डोक्यावर ओला पंचा, अशा थाटात मी धोतराभोवती गुडघ्यांवर रांगू लागलो. भिंग मोबाईलसमोर धरलं की मुंगी दिसेना, मुंगी दिसली की भिंगातून ऊन एका जागी जमून बिबडीतून धूर निघेल अशी धास्ती. ४१ फोटो काढले. १७ मध्ये माझा अंगठा, २० मध्ये नुसत्या बिबड्या, तीनमध्ये मुंगी मागून निघून जाताना. एका फोटोत मुंगी अख्खी आली होती, पण त्यात हातच हलला होता. नऊ वाजले आणि मोबाईलने सांगितलं की तो फार तापलाय, आता कॅमेरा चालणार नाही. जळगावच्या मे महिन्यात माणसाला असं सांगायची सोय नाही, हा भाग वेगळा.

सरांनी तोड सांगितली. डबीत घालून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, गारठली की हलणार नाही. सुपारीची डबी रिकामी केली, पोस्टकार्डाने मुंगी आत ढकलली आणि लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली. मुंग्या लागू नयेत म्हणून लोक साखर फ्रिजमध्ये ठेवतात. मी मुंगीच ठेवली. बायको काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मी त्या फ्रिजमधलं पाणीही पीत नाही.

या वेळी फोटो स्वच्छ आले. सरांचं उत्तर दोन शब्दांचं होतं.

"पाय मोजा."

मोजले. आठ. मोबाईल तापल्याचा परिणाम असेल म्हणून पुन्हा मोजले. आठच. सहा जमिनीवर आणि दोन हवेत. ज्यांना मी सकाळपासून मिशा समजत होतो ते पुढचे पाय होते.

"मुंगी नाही ती, कोळी आहे. मिरमारॅक्नी." सर भलतेच खूश झाले होते. हा कोळी जिची नक्कल करतो ती मुंगी खरोखरच असते, टेट्रापोनेरा रुफोनायग्रा. जेर्डन नावाच्या इंग्रज डॉक्टरने तिचं पहिलं वर्णन १८५१ मध्ये लिहिलं. त्याला बहुतेक बिबड्या राखायच्या नसाव्यात. ती झाडाच्या वाळक्या, पोकळ लाकडात राहते, बऱ्याचदा एकटीदुकटी फिरते आणि चावत नाही, नांगी मारते. नांगी अशी, की एकदा खाल्ली की पुन्हा कुणी तिच्या वाट्याला जात नाही. कुणाकुणाला तर ॲलर्जी होऊन दवाखाना गाठावा लागतो. आणि हा कोळी तिचा रंग, तिची चाल उचलून तिच्या दहशतीवर जगतो. चुलत मेव्हणा फौजदार असला की मोटरसायकलवर 'पोलीस' लिहून फिरतात, त्यातला प्रकार.

डबी गच्चीवर नेऊन उघडली. ऊन लागताच महाशय जागे झाले, टुणकन कठड्यावर गेले आणि मागे बारीक धागा सोडत खाली उतरले. मुंगीला हे जमलं नसतं. मला आतून फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पापड लाटायला गल्लीतल्या चार बायका वर जमल्या. आमच्या गच्चीवर शेवग्याची एक वाळकी फांदी आलेली आहे, ती तोडायची दोन वर्षं राहिलीय. त्या फांदीवरून पापडाच्या खाटेवर तीच स्वारी उतरली. मध्ये तांबडी, पुढेमागे काळी. एक काकू किंचाळल्या. आबा कठड्याशी आले. अशी संधी माणसाला निवृत्तीनंतर वारंवार मिळत नाही.

"घाबरू नका," मी म्हणालो. "ही मुंगीच नाही. नीट बघा, हा कोळी आहे. याला आठ पाय असतात." आणि सगळ्यांना दिसावेत म्हणून मी तिला चिमटीत धरून वर उचललं.

तापलेला दाभण नखाखालून कोपरापर्यंत गेला. मी काय ओरडलो ते मला आठवत नाही, पण खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूने दार उघडून वर पाहिलं म्हणतात. पापडाच्या पिठाचा एक गोळा खाटेवरून खाली गेला. कुणी कांदा आणायला धावलं, कुणी लोखंड घासा म्हणून किल्ली पुढे केली. बोट फुगून बिबड्याच्या लाकडी पळीसारखं झालं होतं.

आबा शांतपणे कठड्यावर रेलले.

"नाना, कितला पाय व्हतात?"

ती मुंगी मात्र, काहीच झालं नाही अशी, खाटेच्या पायावरून निवांत खाली उतरत होती. मिशा कोपरात वाकलेल्या. मला आता सगळं स्पष्ट दिसत होतं.

बायको हळदीचा डबा घेऊन वर आली. एकदा तिने मुंगीकडे पाहिलं, एकदा माझ्या बोटाकडे.

"आता सांगा," म्हणाली, "तिच्यावर टाकू की तुम्हाला लावू?"