राजीनामा मंत्रिपदाचा, आमदारकी जागच्या जागी

एखाद्या मंत्र्याचं खासगी प्रकरण बाहेर आलं की आपल्याकडे पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. आधी 'विरोधकांचं षडयंत्र', मग 'चौकशी होऊ द्या', मग दोन दिवस 'नॉट रिचेबल', आणि शेवटी 'नैतिकतेच्या आधारावर राजीनामा'. राजीनाम्याची शाई वाळायच्या आत चॅनेलवर पट्टी फिरू लागते: वर्णी कुणाची लागणार? विदर्भाला मिळणार की मराठवाड्याला, मराठा की ओबीसी, कुठल्या गटाचा? आपणही चहा पिता पिता नावं सुचवतो.

पण गडी नेमका कशाचा राजीनामा देतो, हे कुणी विचारत नाही. तो मंत्रिपद सोडतो. आमदारकी सोडत नाही. मंत्रिपद मुख्यमंत्र्यांनी दिलेलं असतं, ते तो मुख्यमंत्र्यांना परत करतो. आपण मतदारांनी दिलेलं जे असतं, ते त्याच्याच खिशात राहतं. म्हणून त्याच्या जागी कोण, हा प्रश्न आपल्यापर्यंत कधी येतच नाही. तो बंगल्यावर सुटतो.

माझं आजोळ अथणी तालुक्यातलं. मिरजेहून तासाभराच्या अंतरावर, कर्नाटकात, पण बाजारात मराठी सर्रास चालतं. तिथल्या लक्ष्मण सवदींना महाराष्ट्रातले बरेच लोक एका विधानामुळे ओळखतात. जानेवारी २०२१ मध्ये सीमाप्रश्नावरून उद्धव ठाकरेंना उत्तर देताना त्यांनी मुंबई कर्नाटकात घ्यायची मागणी केली होती, आणि तोवर मुंबई केंद्रशासित करा असंही सुचवलं होतं. तेव्हा ते कर्नाटकचे उपमुख्यमंत्री होते. आपल्याकडे त्या दिवशी बराच धुरळा उडाला. पण हे गृहस्थ उपमुख्यमंत्री झाले कसे, ही गोष्ट त्या विधानापेक्षा कितीतरी मजेशीर आहे.

७ फेब्रुवारी २०१२. बेंगळुरूत विधानसभेचं कामकाज चालू असताना भाजप सरकारातले सहकार मंत्री सवदी आणि शेजारी बसलेले सी. सी. पाटील मोबाइलवर अश्लील क्लिप पाहताना टीव्हीच्या कॅमेऱ्यात सापडले. पाटलांकडे खातं होतं महिला व बालविकास! (असले विनोद आपण रचायची गरज पडत नाही, खातेवाटपातच होऊन जातात.) तिसरे कृष्ण पालेमार, फोनच्या संदर्भात त्यांचं नाव आलं. रेव्ह पार्टीबद्दल माहिती घेत होतो, वगैरे खुलासे झाले. दुसऱ्या दिवशी तिघांनी मंत्रिपदं सोडली. पक्षाची अब्रू वाचवायला राजीनामे दिले, अशी वर मखलाशी.

आमदार मात्र तिघेही राहिले. अथणी, नरगुंद आणि मंगळूर उत्तरच्या मतदारांना पुढचं सव्वा वर्ष कुणी विचारलं नाही. मे २०१३ मध्ये नेहमीची निवडणूक आली तेव्हा पाटील पडले, पालेमार पडले, आणि सवदी निवडून आले. म्हणजे तीन मतदारसंघांनी तीन ठिकाणी आपापला विचार करून निकाल दिला. अथणीने त्यांना पुन्हा निवडलं याचं मला वाईट वाटत नाही. माझ्या मामाने त्यांनाच मत दिलं होतं आणि कारण विचारलं तर तो पाण्याचं आणि रस्त्यांचं सांगायचा. ठीक आहे, त्याचा हक्क आहे. माझी तक्रार एवढीच की विचारायला सव्वा वर्ष लावलं, आणि तेही वेळापत्रकात होतं म्हणून विचारलं.

२०१८ मध्ये सवदी थोडक्या मतांनी पडले, काँग्रेसच्या महेश कुमठळ्ळींकडून. पुढच्याच वर्षी कुमठळ्ळी फुटले, सरकार पडलं, भाजपचं आलं. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये उपमुख्यमंत्री म्हणून कुणाला घेतलं? सवदींना. विधानसभेत नाहीत, विधान परिषदेत नाहीत, मतदारांनी वर्षापूर्वी घरी बसवलेले. राज्यघटनेच्या १६४व्या कलमात सभागृहाचा सदस्य नसताना सहा महिने मंत्री राहायची सोय आहे, ती कामी आली. फेब्रुवारी २०२० मध्ये परिषदेवर घेऊन ती मुदतही सांभाळली. २०१२ मध्ये ज्याची मंत्रिपदाची जागा रिकामी झाली होती, त्याला सात वर्षांनी त्याहून मोठी जागा मिळाली आणि त्यासाठी लोकांमधून जावं लागलं नाही.

आता हाच गुन्हा, दहा वर्षांनी, दुसऱ्या देशात. एप्रिल २०२२ मध्ये ब्रिटनच्या संसदेत नील पॅरिश नावाचे सत्ताधारी हुजूर पक्षाचे खासदार सभागृहात मोबाइलवर अश्लील चित्रफीत पाहताना सापडले. कॅमेऱ्याने नव्हे, त्यांच्याच पक्षाच्या महिला सहकाऱ्यांनी पाहिलं. पॅरिश पेशाने शेतकरी, शेतीविषयक संसदीय समितीचे अध्यक्ष, मंत्रीबिंत्री काही नाही. त्यांचा खुलासा जगभर गाजला: आधी ट्रॅक्टर शोधत होतो, तसल्याच नावाच्या भलत्या साइटवर गेलो. पण पुढे ते म्हणाले की दुसऱ्यांदा गेलो ते मुद्दाम, ते चुकलंच. ३० एप्रिलला त्यांनी थेट खासदारकी सोडत असल्याचं जाहीर केलं.

त्यांच्या टिव्हर्टन आणि हॉनिटन मतदारसंघात, म्हणजे डेव्हनच्या अगदी ग्रामीण भागात, २३ जूनला पोटनिवडणूक झाली. दोन महिनेसुद्धा लागले नाहीत. पॅरिश २०१९ मध्ये चोवीस हजारांहून अधिक मतांनी निवडून आले होते. हुजूर पक्षाने तिथे एका माजी मुख्याध्यापिकेला उभं केलं. जिंकले लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे रिचर्ड फोर्ड, लष्करातले माजी मेजर, सहा हजारांच्या वर मतांनी. ब्रिटनच्या पोटनिवडणुकांच्या इतिहासात एवढं मोठं मताधिक्य आधी कधी पालटलं नव्हतं. त्याच दिवशी वेकफिल्डमध्येही पोटनिवडणूक होती, तिथला खासदार लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरून गेला होता. तीही जागा हुजूर पक्षाने गमावली. दुसऱ्या दिवशी सकाळीच पक्षाध्यक्ष ऑलिव्हर डाउडन यांनी पद सोडलं. जुलैच्या सुरुवातीला बोरिस जॉन्सन यांनाही पायउतार होत असल्याचं जाहीर करावं लागलं. त्याला निमित्त दुसरंच होतं, पण डेव्हनच्या शेतकऱ्यांनी पाया खिळखिळा करून ठेवला होता.

आता लगेच 'गोऱ्यांचं कौतुक पुरे' म्हणू नका, कारण गोरेही काही कमी नाहीत. जून २०२१ मध्ये आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांचं आपल्याच सल्लागार बाईंना मिठी मारतानाचं कार्यालयातल्या कॅमेऱ्यातलं चित्रण बाहेर आलं, तेही कोविडचं अंतर पाळा म्हणून देशाला सांगत असताना. मंत्रिपद गेलं, त्याच दिवशी साजिद जाविद यांना मिळालं, खासदारकी शाबूत. पुढच्या वर्षी हे महाशय ऑस्ट्रेलियाच्या जंगलातल्या एका रिअॅलिटी शोमध्ये गेले, तेव्हा कुठे पक्षाने त्यांना संसदीय गटातून बाजूला केलं. म्हणजे आपल्यासारखी सोय तिकडेही आहे. फरक एवढाच की पॅरिशसारखं वागणंही तिकडे कुणाला अशक्य वाटत नाही.

आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात या प्रकारातलं सगळ्यात मोठं प्रकरण शिवाजीराव पाटील निलंगेकरांचं. जून १९८५ मध्ये मुख्यमंत्री झाले. मुलीच्या एमडीच्या परीक्षेतल्या गुणांच्या फेरफाराचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने ताशेरे ओढले, आणि मार्च १९८६ मध्ये त्यांना जावं लागलं. जागेवर कोण आलं? दिल्लीहून शंकरराव चव्हाण, तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री. निलंग्याच्या लोकांना कुणी विचारलं नाही, राज्याच्या विधिमंडळातल्या पक्षालाही कितपत विचारलं असेल ते काँग्रेसचा तो काळ माहीत असलेल्यांना सांगायला नको. गंमत पुढेच आहे. शंकरराव नांदेडचे खासदार होते. ते इकडे आल्यामुळे नांदेडची लोकसभेची जागा रिकामी झाली, १९८७ मध्ये पोटनिवडणूक लागली आणि तिथून त्यांचे चिरंजीव अशोक चव्हाण पहिल्यांदा खासदार झाले, प्रकाश आंबेडकरांना हरवून. वाद निलंग्याच्या घरातला, कौल दिला नांदेडने. तेच अशोकराव डिसेंबर २००८ मध्ये विलासराव देशमुखांच्या जागी मुख्यमंत्री झाले, आणि विलासराव का गेले तेही आठवत असेलच: २६/११ नंतर ताज हॉटेलची पाहणी करताना सोबत मुलगा आणि सिनेदिग्दर्शक. दोन वर्षांनी आदर्श सोसायटीच्या प्रकरणामुळे अशोकरावही गेले. एका खुर्चीवरून उठलेल्या माणसाच्या धक्क्याने आपल्याकडे किती घराणी कुठल्या कुठे जाऊन बसतात, याचा कुणीतरी एकदा नकाशा काढायला हवा.

आणि निलंगेकर? ते राजकारणातून गेले नाहीत. पुढे सुशीलकुमार शिंदेंच्या मंत्रिमंडळात मंत्रीही झाले. २००४ मध्ये निलंग्याने त्यांच्या जागी निवडलं कुणाला, तर त्यांच्याच नातवाला. २००९ मध्ये आजोबा परत.

अलीकडचं उदाहरण संजय राठोडांचं. एका तरुणीच्या मृत्यूनंतर त्यांच्यावर आरोप झाले, ते त्यांनी फेटाळले. फेब्रुवारी २०२१ मध्ये, ऐन कोरोनात, पोहरादेवीला हजारोंची गर्दी जमली. त्यानंतर काही दिवसांतच त्यांनी वनमंत्रिपद सोडलं. वनखातं कुणाला दिलं? कुणालाच नाही, मुख्यमंत्र्यांनी स्वतःकडे ठेवलं. जून २०२२ मध्ये सरकार बदललं आणि ऑगस्टमध्ये राठोड पुन्हा मंत्री, या खेपेला त्यांच्या राजीनाम्यासाठी रान उठवणाऱ्या पक्षाच्या शेजारी बसून. पोलिसांनी क्लीन चिट दिली आहे, असं सांगितलं गेलं. भाजपच्या चित्रा वाघ यांनी उघड नाराजी व्यक्त केली, ती तिथेच विरली. आरोप खरे की खोटे यावर मी बोलत नाही, तो माझा अधिकार नाही. पण या दीड वर्षात दिग्रसच्या मतदाराची भूमिका काय होती? टीव्ही पाहणे.

जागा भरली जाते तेव्हाही हिशेब वेगळाच असतो. गेल्या वर्षीचा धनंजय मुंडेंचा राजीनामा खासगी प्रकरणातला नव्हता, मस्साजोगच्या सरपंचाच्या खुनानंतरचा होता, पण जागा भरायची रीत कळायला तो चांगला आहे. ४ मार्च २०२५ ला मुंडे गेले आणि २० मे रोजी छगन भुजबळांनी शपथ घेतली. डिसेंबरात ज्यांना 'आता नको' म्हणून बाहेर ठेवलं होतं तेच. अन्न व नागरी पुरवठा खात्याचा त्यांना अनुभव होता हे खरं, पण त्या अडीच महिन्यांत रेशनबद्दल एक तरी चर्चा ऐकली का कुणी? ओबीसी चेहरा गेला, ओबीसी चेहरा हवा, एवढंच ऐकू येत होतं.

'पोटनिवडणुकीला खर्च येतो' असं कुणीतरी म्हणणारच. येतो. पण मग पक्ष बदलायचा असतो तेव्हा तो खर्च कुणाला आठवत नाही. ५ डिसेंबर २०१९ ला अथणीत पोटनिवडणूक झाली, कारण कुमठळ्ळी फुटले होते. त्याच दिवशी, त्याच बेळगाव जिल्ह्यात गोकाकला झाली, कारण रमेश जारकीहोळी फुटले होते. मार्च २०२१ मध्ये याच जारकीहोळींची कथित सीडी बाहेर आली, त्यांनी आरोप नाकारले आणि जलसंपदा मंत्रिपद सोडलं. या वेळी आमदारकी सोडली नाही. पक्षांतरासाठी मतदारांकडे जायची तयारी, अब्रूच्या प्रश्नावर नाही.

साताऱ्यातही तेच. २०१९ च्या मे महिन्यात राष्ट्रवादीकडून लोकसभेवर गेलेले उदयनराजे सप्टेंबरात भाजपमध्ये गेले, खासदारकी सोडली, ऑक्टोबरात पोटनिवडणूक लागली. भर पावसात शरद पवार बोलले ती सभा सगळ्यांना पाठ आहे. छत्रपतींच्या वंशजाला हरवून लोकांनी श्रीनिवास पाटलांना पाठवलं. म्हणजे विचारलं की लोक सांगतात. पुढच्याच वर्षी उदयनराजे राज्यसभेवर गेले, हा भाग वेगळा.

आणि जागा रिकामी झाली तरी आपल्याला विचारतीलच असंही नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १५१-अ कलम म्हणतं की सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्या. मार्च २०२३ मध्ये पुण्याचे खासदार गिरीश बापट यांचं निधन झालं. पुणे शहराला २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत खासदारच नव्हता. उच्च न्यायालयाने निवडणूक घ्या म्हटलं, सर्वोच्च न्यायालयात त्याला स्थगिती मिळाली.

मला एक आक्षेप मात्र खरोखर अडवतो. स्त्रीवर अन्याय झाल्याचा आरोप असेल आणि आरोपी नेता राजीनामा देऊन पुन्हा निवडणुकीला उभा राहिला, तर प्रचारात चिरफाड त्या बाईचीच होणार. गल्लोगल्ली, भाषणाभाषणांतून. आणि तो जिंकला तर 'जनतेच्या न्यायालयाने निर्दोष ठरवलं' असे फलक लागणार. पोहरादेवीची गर्दी पाहिल्यावर ही भीती फाजील वाटत नाही. म्हणून त्याने स्वतः उठून पुन्हा कौल मागण्यापेक्षा, राहू द्यायचं की नाही एवढंच लोकांना विचारणारी ब्रिटनची २०१५ च्या कायद्यातली पद्धत मला जास्त पटते. तिकडे खासदार गुन्ह्यात दोषी ठरून तुरुंगवासाची शिक्षा झाली, किंवा सभागृहाने त्याला किमान ठरावीक दिवसांसाठी निलंबित केलं, तर मतदारसंघात सह्या घेतात. सहा आठवड्यांत दहा टक्के मतदारांनी सही केली की जागा रिकामी.

हे आपल्याला झेपणार नाही म्हणणाऱ्यांना एक सांगतो. महाराष्ट्रातल्या खेड्यात हे आधीपासून आहे. थेट निवडून आलेल्या सरपंचावर सदस्यांनी अविश्वास ठराव आणला तरी तो ग्रामसभेपुढे जातो, गाव हो म्हणालं तरच सरपंच जातो. दारूच्या दुकानाचं तर विचारूच नका. गावातल्या बाया अर्ज करतात, सरकारी अधिकारी मतपेटी घेऊन येतो, मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. निम्म्याहून अधिक बायांनी आडवीवर शिक्का मारला की परवान्याची मुदत उरलेली असली तरी दुकानाला टाळं. आमदारासाठी असली मतपत्रिका काढायला सरकारी छापखान्याला काहीच अवघड नाही. ते विधेयक मांडायचं मात्र आमदारांनाच.